सुदर्शन सरांनी पेटी घरी आणली

पेटीवर सुशिल्याची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, प्लेट ठेवलेली बघितली आणि सुदर्शन सरांचं डोकं सटकलं.

प्लेट रिकामी होती हे खरं. पण खाली झाकणावर तेलाचा गोल डाग पडला होता आणि त्या डागात दोन चुरमुरे मजेत चिकटून बसले होते. बाजूला चहाचे कप. पेटीच्या मागे पोषण आहाराच्या तांदळाची पोती, पोत्यांवर मोडके बाक, बाकांवर कबड्डीची मॅट. दारावर मात्र अजूनही ठळक अक्षरांत लिहिलेलं : संगीत कक्ष.

सुदर्शन सर अहमदपूरच्या एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवत. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्यांचा तास सुरू व्हायच्या वेळी वर्गाच्या दारात गणिताचे भीमाशंकर सर खडू घेऊन उभे असत. "सर, पोर्शन राहून राहिला हो. आजचा तास देता का?" असं ते विचारत, आणि 'देता का' म्हणेपर्यंत फळ्यावर त्रिकोण काढून मोकळे होत. गणिताला सुट्टी असली तर इंग्रजी येई. इंग्रजीही नसलं तर सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटायला आरोग्य खात्याची माणसं येत. आसपास सगळीकडे डॉक्टर व्हायच्या परीक्षेची हवा. त्या हवेत 'सा' लावणाऱ्या माणसाकडे लोक दिवाळीत रांगोळीचे छाप विकणाऱ्याकडे बघतात तसं बघत. वर्षातून एकदाच सरांची आठवण निघे. पाहुणे यायचे असले की. "सर, परवापर्यंत एक स्वागतगीत बसवा."

हे सगळं सरांनी सहन केलं होतं. पण सुशिला!

"बालाजी!" सर ओरडले.

बालाजी शिपाई आला. त्यानं सरांकडे बघितलं, प्लेटकडे बघितलं आणि प्लेट उचलली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

"ही पेटी मी घरी नेतोय. इथं तिची इज्जत राहिलेली नाही. हेडसरांना सांग!"

"न्या की सर," बालाजी म्हणाला. "धरू का एका बाजूनं?"

विरोध होईल, मुख्याध्यापक आप्पासाहेब धावत येतील, 'सर, असं करू नका' म्हणतील, अशी सरांची कल्पना होती. तिथं बालाजी पेटी मोटरसायकलला बांधायला स्वतःहून सुतळी घेऊन आला. गाठसुद्धा त्यानंच मारली, आणि चांगली मारली.

घरी जाईपर्यंत बसस्टँडपाशी, दवाखान्यापाशी आणि पिठाच्या गिरणीपाशी लोकांनी विचारलं, "आज कोणाच्या घरी भजन हाय, सर?" सरांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. अपमानाची मिरवणूक निघाल्यावर माणसानं बोलू नये.

घरात पुढच्या खोलीत सरांच्या पत्नीचं, शिल्पावहिनींचं, शिवणकाम चाले. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत तर श्वास घ्यायला सवड नाही. खोलीत एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला आरसा आणि उरलेल्या जागेत गिऱ्हाईक.

"हे काय आणलं?" वहिनी दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाल्या.

"पेटी."

"दिसून राहिलं मला. ठेवणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

सरांनी अन्यायाचा सगळा इतिहास सांगितला. सुशिल्यापाशी आल्यावर त्यांनी डागाचा घेर हातानं काढून दाखवला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाग निघाला का? न्हाई तर थोडं रॉकेल लावा." पेटी कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर शिवून झालेल्या ब्लाऊजांची चळत चढली.

मग सर शाळेतून बोलावणं यायची वाट बघू लागले. बोलावणं आलं नाही. आठवडा गेला तरी शाळेतली पेटी गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी एकदाची तक्रार आली ती इंग्रजीच्या बाईंची. "कुठं गेली हो ती पेटी? चहा ठेवायला काहीच राहिलं नाही!"

सरांना वाटलं, राजीनामा द्यावा. (तो द्यायचा विचार त्यांना दर सत्रात येई. यावेळी त्यांनी पेनचं टोपणसुद्धा काढलं होतं.) तेवढ्यात स्टाफरूमच्या दारात नववीतली अलीझा येऊन उभी राहिली.

अलीझा म्हणजे सलीमभाई गादीवाल्यांची मुलगी. आवाज असा की प्रार्थनेत सगळी शाळा एकीकडे आणि ती बरोबर सुरात दुसरीकडे.

"सर, पेटी कुठाय?"

"माझ्या घरी."

"मग आम्ही घरी येऊ का? इथं तर तास होतच न्हाई."

कुणीतरी संगीत शिकायचं म्हणत होतं! सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ये. मैत्रिणींना पण आण."

तो 'पण' नडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अलीझाबरोबर इतक्या मुली आल्या की शेवटच्या दोघींना उंबऱ्यावर बसून गावं लागलं. सरांनी भूपाली राग काढला. त्यातलं सरगम गीत, म्हणजे शब्दच नाहीत, नुसते सूर. मुली मन लावून म्हणत होत्या आणि शिल्पावहिनी खडखड मशीन मारत होत्या.

त्याच वेळी संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी लक्ष्मीबाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. कापड मोरपंखी रेशमाचं, काठ सोन्यासारखा. लक्ष्मीबाई आरशासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. वहिनींनी टेप लावली आणि माप सांगणार, तेवढ्यात मुलींनी वरचा 'सा' लावला. सरांनी हात वर केला : सोडू नका, सोडू नका! मुलींनी सोडला नाही. वहिनींना लक्ष्मीबाई काय म्हणतात ते ऐकू येईना. लक्ष्मीबाईंना वहिनी काय विचारतात ते कळेना. त्या बिचाऱ्या हात पसरून तशाच उभ्या, जणू काही विमान उडायच्या बेतात आहे. 'सा' संपला तेव्हा त्यांच्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या.

"शिवणकाम करता का गोंधळ घालता?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "शनिवारी शाळेत कार्यक्रम हाय. मला हे घालूनच यायचंय. चुकलं तर बघा!"

रात्री जेवताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमची पेटी, तुमच्या पोरी. माझं गिऱ्हाईक गेलं तर तुम्ही गाऊन आणा परत."

दोन दिवसांनी सलीमभाई स्वतः दारात आले. संपलं, सरांना वाटलं, आता हे मुलीला यायला बंदी करणार. अलीझा गेली तर गाण्यात उरतं काय? वहिनींनी चहा टाकला. सलीमभाईंनी टोपी नीट केली.

"सर, एक शिकायत हाय."

"बोला ना, सलीमभाई." सरांचा आवाज मंद्र सप्तकात गेला.

"पोरगी घरी दिवसभर म्हणून राहिली. सा, रे, ग, प, ध. मी कापूस भरता भरता ऐकतो. तिची अम्मी फरीदा बी ऐकती. आवडतं, ते काही न्हाई. पण सर, सूर सात असतेत ना?"

"हो, सात."

"मग माझ्या पोरीला पाचच का? बाकीचे दोन कोणाला दिले?"

सरांनी बोटांवर सूर मोजले. मग म्हणाले, "तसं नाही. भूपालीत मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात."

"वर्ज्य म्हंजे?"

"म्हणजे चालत नाहीत."

"कोणाला चालत न्हाईत? आम्हाला चालतेत!" सलीमभाई तावातावानं म्हणाले. "पोरगी लई हुशार हाय, सर. तिला पूर्ण द्या. कमी पडली तर मला बोला."

तो चहा सरांना जन्मात प्यायलेल्या सगळ्या चहांत गोड लागला. पुढच्या रागात सातही सूर देतो असं वचन घेऊनच सलीमभाई उठले.

आणि गुरुवारी आप्पासाहेबांनी बोलावलं.

"सर, शनिवारी नांदेडचे एक रिटायर्ड प्राचार्य पाहुणे म्हणून येऊन राहिलेत. मोठा माणूस. स्वागतगीत पाहिजे."

सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "साहेब, या वर्षात संगीताचे किती तास झाले?"

"आठवड्याला दोन हायत की. बघा टाइमटेबल."

"टाइमटेबलात आहेत! मी वर्गात विचारतोय!"

"आता ते काढून काय उपयोग? पोर्शन महत्त्वाचा का गाणं?"

"मग परवा पोर्शनच म्हणून दाखवा पाहुण्यांना! स्वागतगीत होणार नाही!"

आप्पासाहेब अजिबात रागावले नाहीत. हेच वाईट होतं. ते म्हणाले, "बरं. भीमाशंकर सरांकडं ब्लूटूथचा स्पीकर हाय. मोबाईलवरचं एखादं लावू."

सरांच्या कानशिलातली शीर उडायला लागली. वर्षभर उपाशी ठेवायचं आणि वर सांगायचं की डबा बाहेरून मागवतो! "काही लावायचं नाही," ते म्हणाले. "माझ्या मुली गातील. पण स्वागतगीत नाही. भूपाली. शास्त्रीय."

"त्यात पाहुण्यांचं नाव येतं का?"

"नाही."

"निदान 'साहेब' तरी टाका कुठं. 'सा' तर हायच तुमच्यात. पुढं 'हेब' लावायचं."

सर काही न बोलता बाहेर पडले. (बोलले असते तर नोकरी गेली असती.)

शनिवारी सकाळी घरात एकच गडबड. मुली पांढऱ्या ओढण्या शोधत होत्या, वहिनी लक्ष्मीबाईंच्या ब्लाऊजला शेवटचा हुक लावत होत्या. तो लावून त्यांनी ब्लाऊज नेहमीच्या जागी, म्हणजे पेटीवर ठेवला आणि त्या इस्त्री गरम करायला आत गेल्या. पेटी सरांनी सूर बघायला उघडीच ठेवलेली होती. सर घाईत आले, 'उशीर झाला, उशीर झाला' म्हणत त्यांनी झाकण आपटलं, कडी लावली आणि पेटी मोटरसायकलवर चढवली.

वहिनी इस्त्री घेऊन बाहेर आल्या तर ब्लाऊज नाही. टेबलाखाली बघितलं, मशीनमागं बघितलं, चिंध्यांची पिशवी पालथी केली. शेवटी रडकुंडीला येऊन त्याही शाळेत निघाल्या. निदान तोंड दाखवून माफी मागावी.

मांडव भरला होता. पाहुणे मधल्या खुर्चीत, त्यांच्यासाठी खास लावलेला कूलर घरघरत होता. शेजारी अध्यक्ष. पहिल्या रांगेत लक्ष्मीबाई मोरपंखी साडीवर जुना लाल ब्लाऊज घालून बसल्या होत्या. त्यांचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता. आप्पासाहेबांनी माईकवर सांगितलं, "आता आमच्या शाळेच्या विद्यार्थिनी, ज्यांना आम्ही वर्षभर संगीताचं विशेष शिक्षण देतो..."

"वर्षभर!" सर दातओठ खात पुटपुटले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं.

आत मोरपंखी रेशीम चकाकलं.

ते काय आहे हे कळायच्या आत सरांनी ते धरून ओढलं. एक हुक कुठंतरी अडकला होता. सरांनी जोर लावला आणि ब्लाऊज सुटून त्यांच्या हातात असा वर आला की मागच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं जादूचे प्रयोग सुरू झाले.

"अगं बाई, माझा ब्लाऊज!" लक्ष्मीबाई म्हणाल्या. माईक तिकडेच होता. ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

हसण्याची अशी लाट उठली की मांडवाचं कापड हललं. शिल्पावहिनी खांबामागं गेल्या. सरांनी ब्लाऊज घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला, तो मावेना, म्हणून खांद्यावर टाकला आणि भाता मारला. पेटी 'प्यांऽऽ' करून ओरडली. पट्टीवरून बोट काढलं तरी प्यांऽऽ. तुटलेला हुक आत जाऊन बसला होता आणि तो एकच सूर कोंडलेल्या रेडकासारखा हंबरत होता. सरांनी भाता सोडून दिला. तास गेले, पेटी गेली, अब्रू गेली. पोरींनी एवढी मेहनत केली आणि आपण त्यांचं हसं केलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी स्पीकर पुढं सरकवला. भीमाशंकर सर होते. "मोबाईलवर तुमचा तो तंबोरा असतो ना? लावा याच्यावर," ते हळूच म्हणाले. "पोरी थांबून राहिल्या, सर."

सरांनी मोबाईलवर तंबोरा लावला. अलीझानं एकदा सरांकडे बघितलं, डोळे मिटले आणि 'सा' लावला. मग बाकीच्या आल्या. सरांच्या पुढच्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात आणि गिऱ्हाइकांच्या धक्क्यात बसवलेली भूपाली मांडवात उभी राहिली. एक सूर हलला नाही. हसणारी मुलं गप्प झाली. भीमाशंकर सर ताल मोजता मोजता मोजायचे विसरले. शेवटचा 'सा' संपल्यावर टाळ्या वाजायला जरा वेळच लागला.

सरांनी डोळे पुसले. (खांद्यावरच्या रेशमानं. लक्ष्मीबाईंनी तेही बघितलं.)

मग पाहुणे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आत्ता जे ऐकलं ते अप्रतिम होतं. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ, आणि मुलींनी तोंडंही किती हुबेहूब हलवली!"

सुदर्शन सरांना आधी ऐकू आलं नाही, मग ऐकू आलं, मग ते उठले.

"रेकॉर्डिंग?"

"सर, बसा," आप्पासाहेब कुजबुजले.

"रेकॉर्डिंग! साहेब, तास दिला नाही, खोली दिली नाही, पेटीवर सुशिला खाल्ला, तरी गायल्या या पोरी! आणि तुम्ही म्हणता तोंडं हलवली? थांबा! वायरच काढतो!"

आणि ते मांडवाच्या कडेला गेले आणि समोर दिसलेला प्लग त्यांनी उपटला. तो कूलरचा होता. दुसरा उपटला, तो पंख्यांचा. तिसरा एकदाचा माईकचा निघाला. भीमाशंकर सरांनी न सांगता स्वतःचा स्पीकर बंद करून छातीशी धरला. मांडवात अशी शांतता झाली की पाहुण्यांच्या कपाळावरून घाम ओघळलेला ऐकू यावा.

"अलीझा," सर म्हणाले. "म्हण."

अलीझानं म्हटलं. यावेळी आधाराला काहीच नव्हतं. आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. तिथं सलीमभाई उभे होते. ते शेजारच्याला अभिमानानं सांगत होते, "पाचच हायत सध्या. दोन यायचे हायत."

गाणं संपलं तसे पाहुणे चालत मुलींपाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलो, बाळांनो." मग ते आप्पासाहेबांकडे वळले. "यांना तास मिळत नाही?"

आप्पासाहेबांना काहीतरी बोलणं भागच होतं. माईक बंद, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं : सोमवारपासून संगीताचे दोन्ही तास संगीतालाच, खोलीतली पोतीही काढणार. माईकवर बोललेलं नंतर 'तसं म्हणायचं नव्हतं' म्हणून फिरवता येतं. सगळ्या गावासमोर ओरडलेलं कसं फिरवणार? लक्ष्मीबाईंनीसुद्धा ब्लाऊज परत घेतला. "हुक तेवढा लावून द्या," म्हणाल्या, "आणि धुऊन."

सोमवारी पेटी दुरुस्त होऊन शाळेत गेली. पोती निघाली. तास झाला, खराखुरा, घंटेपासून घंटेपर्यंत. भीमाशंकर सर दारापर्यंत आले, खडू खिशात घातला आणि परत गेले. सुदर्शन सर आठवडाभर ताठ मानेनं चालले. घरी पुढच्या खोलीत जागाच जागा झाली होती. वहिनी निवांत मशीन मारत होत्या. सरांनाच थोडं चुकल्यासारखं वाटत होतं.

आणि रविवारी सकाळी अलीझा आणि सगळ्या मुली पुन्हा दारात हजर!

सरांचा ऊर भरून आला. शाळेत तास मिळाला तरी पोरींना गुरूच्या घराची ओढ! त्यांनी घाईनं सदऱ्याची बटणं लावली. "या, या! पण पेटी आता शाळेत आहे गं. काही हरकत नाही, आपण नुसत्या तंबोऱ्यावर..."

"न्हाई सर," अलीझा चप्पल काढत म्हणाली, "गाणं शाळेत होतंय की आता. आम्ही वहिनींकडं शिवण शिकायला आलो. त्यांनीच बोलावलं."

मुली सरांच्या बाजूनं आत गेल्या, टेबलाभोवती बसल्या, आणि वहिनी त्यांना कापड कसं धरायचं ते दाखवू लागल्या. सर दारातच उभे. निदान एखादीनं तरी विचारावं, तुम्ही पण या म्हणून! संगीत शिक्षकाच्या घरात संगीत शिक्षकालाच जागा नाही! ही कुठली पद्धत?

"अहो, उजेड अडवून राहिलात," वहिनी म्हणाल्या. "रिकामेच असाल तर बसा इकडं. हुक लावायला माणूस कमी हाय."

सर बसले. नाइलाजानं, पण मन लावून, एकसारखे, बरोबर अंतरावर त्यांनी सगळे हुक लावले आणि ब्लाऊज अभिमानानं वर धरला.

मुली ब्लाऊज बघायला पुढं वाकल्या. मग अलीझानं तोंडावर हात ठेवला.

"सर, काजांना एक बाजू पण ठेवली न्हाई हो. दोन्हीकडं हुकच लावलेत. आता ह्याला अडकवायचं कशाला?"

सरांनी ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला आणि संतापानं ताडकन उभे राहिले.

"हे आधी कुणी सांगायला नको?"